चार स्वर आणि बावीस मायक्रोसेकंद: टेस्ला कॉइलसाठी भूपाची गत बांधताना

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाच्या पाच मुला-मुलींनी गाणारी टेस्ला कॉइल, म्हणजे विजेच्या ठिणग्यांतून स्वर काढणारी तारेची गुंडाळी, बनवली होती. अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरातला आर्कअटॅक हा गट अशा कॉइल घेऊन मैफली करतो. त्यांचे व्हिडिओ पाहून मुलांनी वर्षभर खपून आपली कॉइल उभी केली. 110 मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपवर साधारण अकराशे वेढे, वर ॲल्युमिनियमचा टोरॉइड, म्हणजे मोठं कडं, खाली दोन आयजीबीटींचा, म्हणजे वीज झटपट चालू-बंद करणाऱ्या ट्रान्झिस्टरांचा, अर्धा ब्रिज. ठिणगी 70 सेंटिमीटरपर्यंत जायची. महाविद्यालयाच्या वार्षिक तंत्रमहोत्सवात संध्याकाळी खुल्या रंगमंचावर ती वाजवायची असं ठरलं होतं आणि हातात तीन आठवडे होते.

मी हार्मोनियम शिकवते आणि रंगमंचावरच्या कार्यक्रमांसाठी मिडी फायली, म्हणजे कोणता स्वर कधी वाजवायचा हे यंत्राला सांगणाऱ्या फायली, बांधून देते. मुलांच्या सरांनी मला बोलावलं. मी स्वतः बांधलेली भूप रागातली, त्रितालातली एक गत माझ्याकडे तयार होती. बासरी, संतूर, हार्मोनियम, व्हायोलिनचा ताफा, बेस, ढोल, ताशा, झांज असे अकरा ट्रॅक. आधीच्या एका कार्यक्रमात ती स्पीकरवरून छान वाजली होती, म्हणून तीच कॉइलवर वाजवू या असं सगळ्यांना वाटलं, मलाही. पुढे जे झालं ते सविस्तर लिहिते आहे. मिडी बांधणाऱ्या माणसाला कॉइलचं गणित कुणी सांगत नाही आणि कॉइल बनवणाऱ्याला स्वरयोजनेचं.

कॉइल गाते कशी

प्रकरण समजायला एवढं हवंच. निकोला टेस्ला यांनी 1891 साली ही गुंडाळी मांडली तेव्हा तिच्यात संगीत नव्हतं. संगीत येतं ते तिला तुकड्यातुकड्यांत चालवल्यामुळे. आमची कॉइल साधारण 200 किलोहर्ट्झला डोलते, म्हणजे कानाच्या पलीकडे. पण तिला 100 मायक्रोसेकंद चालू केली तर तेवढ्यात 20 डोल होतात, विजेचा ताण (व्होल्टेज) चढतो आणि एक ठिणगी सुटते. ठिणगीभोवतीची हवा एकदम तापून फुगते आणि टक् असा आवाज येतो. हे सेकंदाला 262 वेळा केलं की कानाला हार्मोनियमच्या पांढरी एकचा सा ऐकू येतो. 392 वेळा केलं की प. स्वर ठरतो तो फटके किती त्यावरून. आवाज किती मोठा आणि ठिणगी किती लांब, हे ठरतं प्रत्येक फटका किती वेळ चालला त्यावरून.

हे फटके देतो तो इंटरप्टर. मिडी फाइलमध्ये आवाज नसतो, नुसत्या सूचना असतात: अमुक चॅनलवर 60 क्रमांकाची नोट चालू, एवढ्या जोराने, तीच नोट बंद. 1983 पासून ही भाषा जवळजवळ तशीच आहे. इंटरप्टर त्या सूचना वाचतो, फटक्यांचं वेळापत्रक करतो आणि प्रकाशाच्या फायबरमधून कॉइलच्या ड्रायव्हरला कळवतो. दोन स्वर एकदम हवे असले तर दोन्हींचे फटके एकाच ओळीत मिसळतो. ठिणगी एकच असते. ती दोन्ही वेळापत्रकं पाळत उडते आणि कान दोन स्वर वेगळे काढतो.

मुलांनी इंटरप्टरला तीन बंधनं घातली होती. एक फटका 120 मायक्रोसेकंदांच्या वर जाणार नाही. एका फटक्यानंतर 250 मायक्रोसेकंदांच्या आत दुसरा आला तर तो टाकून द्यायचा. आणि एका सेकंदात सगळे फटके मिळून 60,000 मायक्रोसेकंदांच्या वर, म्हणजे 6 टक्क्यांच्या वर, कॉइल चालू राहणार नाही. बेरीज वर गेली तर सगळे फटके त्या प्रमाणात आखूड करायचे. आयजीबीटी आणि प्रायमरीचे (खालच्या गुंडाळीचे) कपॅसिटर तापू नयेत म्हणून हे. शिवाय एका वेळी जास्तीत जास्त चार स्वर. पाचवा आला की सगळ्यात जुना सोडून द्यायचा.

अडचण

पहिल्या दिवशी प्रयोगशाळेत पूर्ण फाइल लावली. सुरुवातीची बासरीची आलापी छान निघाली. ठिणगी निळसर जांभळी, स्वर स्वच्छ. मग ठेका आला आणि कॉइल गुरगुरायला लागली. ताशाच्या जागी खालच्या पट्टीतली घरघर, झांजेच्या जागी आणखी एक घरघर. प वरून ग वर येणारी मींड अर्ध्यातच अडकल्यासारखी आणि बेसूर. लांब धरलेला तार सा मध्येच नाहीसा व्हायचा. आणि तिसऱ्या आवर्तनात, जिथे सगळी वाद्यं एकदम येऊन सा-ग-प-सां असा भरगच्च स्वरमेळ (कॉर्ड) उभा राहतो, तिथे ठिणगीच बंद पडली. टोरॉइडवर बारीक फुसफुस तेवढी उरली.

मुलांना वाटलं ड्रायव्हरमध्ये बिघाड आहे. दोन दिवस ते जोडण्या तपासत बसले. मला वाटलं फाइल खराब झाली. दोन्ही चुकीचं होतं. कॉइल तिला सांगितलेलं तंतोतंत करत होती.

घरघरीचं कारण सगळ्यात आधी सापडलं. मिडीत दहावा चॅनल तालवाद्यांसाठी राखीव असतो. तिथे 36 म्हणजे ढोलाचा घुमारा, 38 म्हणजे ताशा, 42 म्हणजे झांज, असं मी बसवलं होतं. इंटरप्टरला दहाव्या चॅनलची ही वेगळी रीत माहीतच नव्हती. त्याने 36 क्रमांक स्वर म्हणून वाजवला, म्हणजे 65 हर्ट्झ. 38 म्हणजे 73 हर्ट्झ, 42 म्हणजे 92 हर्ट्झ. माझी झांज खर्जात गात होती.

मींडेचं कारण तेवढंच साधं होतं. पिच बेंडची, म्हणजे स्वर चढवण्या-उतरवण्याच्या सूचनेची, किंमत 0 ते 16,383 असते, मध्य 8,192. पूर्ण बेंड म्हणजे किती अर्धस्वर, हे वेगळं सांगावं लागतं. मी बारा धरले होते, इंटरप्टर नेहमीचे दोन धरून चालला होता. प ते ग हे तीन अर्धस्वरांचं अंतर त्याच्याकडे अर्ध्या अर्धस्वराचं झालं. तार सा गायब व्हायचा तो चार स्वरांच्या मर्यादेमुळे: बासरीने सा धरलेला, मागून हार्मोनियम आणि व्हायोलिनचे स्वर आले की सगळ्यात जुना म्हणून त्याचाच बळी जायचा. गाण्यात जो स्वर सगळ्यात जास्त वेळ टिकायला हवा, तो या नियमात सगळ्यात आधी जातो.

ठिणगी विझायचं कारण मात्र कागद घेऊन बसल्यावरच कळलं. माझ्या फाइलीत सा काळी पाचला होता. स्वरमेळाच्या वेळी 466, 587, 698 आणि 932 हर्ट्झ असे चार स्वर एकदम होते. बेरीज सेकंदाला 2,683 फटके. प्रत्येकी 100 मायक्रोसेकंद धरले तर 2,68,300 मायक्रोसेकंद. परवानगी 60,000 ची. इंटरप्टरने सगळं प्रमाणात आखडलं आणि प्रत्येक फटक्याला 22 मायक्रोसेकंद आले. या कॉइलला ठिणगी सुटायला निदान 45 लागतात. त्यामुळे गत जिथे सगळ्यात दाट, तिथेच कॉइल मुकी.

हा हिशोब फळ्यावर मांडला तेव्हा माझ्या डोक्यात काहीतरी जागेवर बसलं. मी आतापर्यंत ट्रॅक मोजत होते. कॉइल ट्रॅक मोजत नाही, ती वेळ मोजते. इथे प्रत्येक स्वराला किंमत आहे, उंच स्वर महाग आहे, आणि एका सेकंदाच्या पाकिटात 60,000 मायक्रोसेकंदच आहेत.

कोणकोणते पर्याय होते

पहिला पर्याय एका मुलाने लगेच सुचवला: मर्यादा 6 वरून 10 टक्के करू. सर विचारात पडले, कारण थोड्या वेळापुरतं कॉइलने ते सोसलंही असतं. पण फळ्यावरचं गणित समोर होतं. 10 टक्के केले तरी स्वरमेळातल्या प्रत्येक फटक्याला 37 मायक्रोसेकंद येतात, म्हणजे 45 च्या खालीच. आयजीबीटी धोक्यात घालूनही ठिणगी येणार नव्हती. हा पर्याय तिथेच संपला. आकडे मांडले नसते तर आम्ही तो करून बसलो असतो, असं मला मनापासून वाटतं.

दुसरा पर्याय, फक्त बासरीची ओळ ठेवायची. सुरक्षित आणि सोपा. पण भूपाला खाली षड्ज नसेल तर तो राग उभा राहत नाही, पाच स्वरांची नुसती धून होते. मला ते नको होतं.

तिसरा, एका मुलीने स्क्रिप्ट लिहून दाखवली: प्रत्येक क्षणी वरचा एक आणि खालचा एक स्वर ठेवून बाकी गाळायचे. पाश्चात्त्य चालींवर हे बरेचदा चालतं, कारण तिथे धून बहुतेक वेळा वरच्या स्वरात असते. माझ्या फाइलीत वर संतूरची भरणी होती आणि धून तिच्या खाली. स्क्रिप्टने बासरी गाळली आणि संतूरचे तुकडे ठेवले. ती हुशार मुलगी होती, तिने लगेच ओळखलं की कोणता स्वर मुख्य हे फाइलीत कुठेच लिहिलेलं नाही.

चौथा, दुसरी कॉइल. तीन आठवड्यांत शक्य नव्हतं.

पाचवा, धून आणि षड्ज कॉइलवर, बाकी वाद्यं स्पीकरवर. हा बराच काळ चर्चेत राहिला. अडचण अशी की लॅपटॉपमधून आवाज बाहेर पडायला उशीर लागतो आणि कॉइलला जवळजवळ लागत नाही. ट्रॅक मागेपुढे सरकवून ते जुळवता येतं. पण कॉइलजवळ मायक्रोफोनच्या, स्पीकरच्या लांब वायरी पसरवायच्या म्हणजे त्या ॲन्टेनाच होतात, आणि त्यांमुळे बिघडू शकणारा मिक्सर भाड्याचा होता.

शेवटी ठरलं ते यांतून निघालेलं सहावं: गत पुन्हा, पहिल्यापासून, दोन स्वरांसाठी बांधायची आणि ताल माणसांनी द्यायचा. महाविद्यालयाच्या ढोल-ताशा पथकातले एक ढोल आणि एक ताशा. त्यांना माइक लागत नाही आणि ते कॉइलच्या आवाजाला दबत नाहीत. दोघं कॉइल ऐकून वाजवणार, त्यामुळे जुळवाजुळवीचा प्रश्नच उरत नव्हता.

प्रत्यक्षात काय केलं

सगळ्यात आधी सा ठरवला. गायकाचा सा त्याच्या गळ्यावरून ठरतो, इथे तो पाकिटावरून ठरला. काळी पाचवरून खाली पांढरी एकला आणला, 466 ऐवजी 262 हर्ट्झ. मध्य सप्तक त्यामुळे स्वस्त झालं: 100 मायक्रोसेकंदांनी सा 26,200, ग 33,000, प 39,200. तार सा 52,300. खाली मंद्र षड्ज 131 हर्ट्झला 60 मायक्रोसेकंदांनी धरला तर त्याचे जेमतेम 7,850 लागतात. तार सा आणि मंद्र सा मिळून 60,000 च्या किंचित वर जात होते, म्हणून तार सा 90 वर आणला. तार ग ला 70. अशी प्रत्येक स्वराची किंमत वहीत लिहून काढली आणि मगच गत लिहायला घेतली. संतूर, व्हायोलिन, बेस गेले. वाईट वाटलं, पण फार वेळ नाही.

मंद्र षड्जाने जे दिलं त्याची मला कल्पना नव्हती. ठिणगीचे फटके इतके अरुंद असतात की मूळ स्वराबरोबर त्याच्या पटीतले वरचे स्वरही जोरात येतात: मध्य सा, मग प, मग तार सा, मग तार ग. तंबोरा नीट लागला की त्यातून आपोआप गंधार ऐकू येतो, स्वयंभू गंधार म्हणतो तो. कॉइलच्या एका षड्जातून तो स्पष्ट येत होता. प्रयोगशाळेत दिवे मालवून आम्ही नुसता तो षड्ज मिनिटभर ऐकत उभे राहिलो. स्वरमेळासाठी मी जे चार स्वर कोंबले होते ते सगळे त्या एका स्वरात आधीच होते.

पण त्यानेच पुढची अडचण आणली. धून ग वर आली की आवाजात सेकंदाला पाचेक हेलकावे यायचे. मिडीतला ग समान अंतराच्या सप्तकातला, 329.6 हर्ट्झ, त्याची दुप्पट 659.3. षड्जातून निघणारा गंधार 130.8 च्या पाचपट, म्हणजे 654.1. पाचाचा फरक, पाच हेलकावे. हार्मोनियमवर हा गंधार मी रोज थोडा चढा ऐकते आणि सवयीने सोडून देते. कॉइलने सोडला नाही. मुलांनी इंटरप्टरच्या कोडमध्ये बेंडचा पल्ला बारा अर्धस्वर करून दिला होता. त्यात प्रत्येक ग च्या आधी बेंड 8,192 ऐवजी 8,098 केला आणि ध साठी 8,085. हेलकावे थांबले. बेंड पूर्ण चॅनलला लागू होतो, त्यामुळे धून पहिल्या चॅनलवर आणि षड्ज दुसऱ्यावर ठेवणं भाग होतं. एकाच चॅनलवर असते तर ग उतरवताना षड्जही उतरला असता.

षड्जाची आणखी एक गंमत. धून मध्य सा वर थांबली की मंद्र षड्ज कधी ऐकू यायचा, कधी दोन-तीन सेकंद हरवायचा. दोघांत नेमकी दुप्पट, त्यामुळे फटके एकदा जवळजवळ आले की बराच वेळ तसेच राहायचे आणि 250 मायक्रोसेकंदांच्या नियमाने षड्जाचे फटके टाकले जायचे. मुलांनी कोड बदलायची तयारी दाखवली. मी म्हटलं, नको. धून जिथे सा वर थांबते तिथे वेगळा षड्ज धरायची गरजच नाही. तिथे मंद्र षड्ज काढून टाकला आणि वाचलेली वेळ धुनेला देऊन फटका 110 केला. विसावा येतो तिथे ठिणगी लांब झाली. गाण्यालाही तेच हवं होतं.

जोराचा हिशोबही बदलावा लागला. मुलांनी व्हेलॉसिटी, म्हणजे मिडीतला नोटेचा जोर, 0 ते 127 ला 0 ते 120 मायक्रोसेकंद असं सरळ बसवलं होतं. त्यात व्हेलॉसिटी 40 म्हणजे 38 मायक्रोसेकंद, ठिणगी नाही. माझे सगळे हळुवार स्वर मुके. आता 1 ते 127 ला 45 ते 110 बसवलं. हळू आणि जोरातला पल्ला लहानच राहिला, पण एकही स्वर हरवेना.

ठिणगीचा स्वर सतारीसारखा विरत नाही. चालू केला की बंद करेपर्यंत एकाच जोराने राहतो. म्हणून लागोपाठ दोन प आले की ते एकच लांब प ऐकू यायचे. प्रत्येक पुन्हा येणाऱ्या स्वराच्या आधी 40 टिक (टिक म्हणजे मिडीतलं वेळेचं बारीक माप) तोडले. मिनिटाला 120 मात्रांच्या लयीत 480 टिकची मात्रा अर्ध्या सेकंदाची, म्हणजे 40 टिकना साधारण 42 मिलिसेकंद. चौपटीच्या तानेत मात्र इतका वेळ परवडत नाही, तिथे एक स्वर 125 मिलिसेकंदांचा. तिथे 30 मिलिसेकंद तोडले. उरलेल्या 95 मध्ये मध्य सा चे 25 फटके बसतात आणि कान स्वर ओळखतो. मंद्रातली तान करून पाहिली तर 12 फटकेच येतात आणि नुसता खडखडाट होतो. तान मध्य सप्तकाच्या खाली न्यायची नाही, हा नियम तिथे पक्का झाला.

तालमीतला प्रसंग

महोत्सवाच्या सहा दिवस आधी लॅपटॉप जोडून तालीम चालू होती. तार सा लागला आणि थांबेना. ठिणग्यांच्या गोंगाटाने लॅपटॉपची यूएसबी जोडणी अडकली होती. नोट चालू झाल्याची सूचना पोचली, बंद झाल्याची पोचली नाही. "ताई, बंद होत नाहीये!" एक मुलगी ओरडली. मुलगा लॅपटॉपवर स्पेसबार दाबत होता. प्रयोगशाळेतल्या मामांनी भिंतीवरचा मुख्य स्विच खाली ओढला तेव्हा कॉइल थांबली. नऊ सेकंद झाले होते. आकडा रेकॉर्डिंगवरून मोजला. त्या वेळी फार जास्त वाटले.

महत्त्वाचं हे की त्या नऊ सेकंदांत संरक्षणाचा एकही नियम मोडला नव्हता. 523 हर्ट्झ, 90 मायक्रोसेकंद, 47,000 च्या आसपास खर्च. सगळं मर्यादेत. आम्ही खर्चावर पहारा बसवला होता, अडकलेल्या सूचनेवर नाही.

इथे खरा निर्णय घ्यावा लागला. मुलांची मूळ इच्छा होती की शेवटी मी कीबोर्डवरून कॉइल थेट वाजवावी. मलाही ते फार हवं होतं. पण लॅपटॉप किंवा कीबोर्ड साखळीत राहिला तर हे पुन्हा होऊ शकत होतं आणि समोर दोनशे माणसं असणार होती. थेट वादन रद्द केलं. फाइल मेमरी कार्डावर घालून इंटरप्टरच्या पेटीतूनच वाजवायची, पेटी धातूची आणि बॅटरीवर, बाहेर जाईल ते फक्त प्रकाशाचं फायबर. शिवाय कोडमध्ये नियम घातला: कुठलीही नोट तीन सेकंदांच्या वर गेली की आपोआप बंद. आणि लाल बटण, त्यावर एक माणूस, ज्याला दुसरं काही काम नाही.

तीन सेकंदांच्या नियमाने षड्ज अडचणीत आला, कारण तो आवर्तनभर, आठ सेकंद, धरलेला होता. मग तो दर चार मात्रांनी नव्याने छेडला. तंबोऱ्याची तार छेडतात तसाच. आधीच्या सलग षड्जापेक्षा हा ऐकायला कितीतरी चांगला निघाला.

काय झालं

प्रयोग खुल्या रंगमंचावर झाला, त्यामुळे ठिणग्यांनी तयार होणारा ओझोन साचायचा प्रश्न नव्हता. कॉइलसाठी मातीत स्वतंत्र अर्थिंगचा रॉड ठोकला होता, इमारतीच्या अर्थिंगला ती जोडलेली नव्हती. दोरी सात मीटरवर. पेसमेकर असलेल्यांनी आणि कानाचं यंत्र वापरणाऱ्यांनी मागे दूर बसावं, अशी सूचना आधी दोनदा दिली. एक आजोबा उठून मागे गेले, त्यांच्यासोबत त्यांची नातही गेली. ढोल-ताशावाल्यांच्या कानात बोळे होते.

गत चार मिनिटांची. एकदाही ट्रिप नाही, एकही स्वर अडकला नाही. आयजीबीटींचा हीटसिंक नंतर हात लावून पाहिला तर कोमट होता. तिसऱ्या आवर्तनात, जिथे पूर्वी ठिणगी विझायची, तिथे मी धुनेचा एकच प ठेवला होता, खाली षड्ज, आणि ढोल समेवर आला. पूर्ण लांबीची ठिणगी सुटली आणि लोकांनी श्वास रोखल्याचं ऐकू आलं.

सगळं जमलं असं मात्र नाही. दुसऱ्या आवर्तनात ताशावाला अर्धी मात्रा पुढे गेला. ठिणगीकडे बघत राहिल्याने झालं, असं त्याने नंतर सांगितलं. पुढच्या समेवर तो परत आला. कॉइल थांबून घेत नाही, हे माणसाच्या साथीपेक्षा वेगळं आहे आणि त्याची आम्ही पुरेशी तालीम केली नव्हती. आणि पहिल्या रांगांच्या पलीकडे हळुवार आलापी पोचली नाही.

पुन्हा करायचं झालं तर

किमतीची वही पहिल्या दिवशी. आम्ही पहिले काही दिवस ज्या बिघाडाच्या शोधात घालवले, त्याचं कारण अर्ध्या तासाच्या बेरजेत सापडलं असतं.

दुसरं, कॉइल चालू न करता ऐकायची सोय. नंतर मी संगणकावर अरुंद पल्सचा आवाज, दोनच स्वरांची परवानगी, असा साधा सिंथ लावून घेतला. गंधाराचे हेलकावे त्यात तसेच ऐकू येतात. हे आधी असतं तर मुलांचे रात्री अकरापर्यंतचे प्रयोग निम्मे झाले असते.

तिसरं, अडकलेल्या नोटेची परीक्षा मुद्दाम घ्यायची. पहिल्याच तालमीत, कॉइल कमी ताणावर असताना, स्वर चालू असताना वायर उपटायची आणि काय होतं ते बघायचं. मिडीत यासाठी ॲक्टिव्ह सेन्सिंगची सोय आहे: पाठवणारा जास्तीत जास्त 300 मिलिसेकंदांनी 'मी आहे' एवढंच कळवत राहतो आणि ते थांबलं की ऐकणाऱ्याने सगळे स्वर बंद करायचे. इंटरप्टरला ते शिकवलं आणि कीबोर्डपासून पेटीपर्यंतही फायबर नेलं, तर थेट वादन मी पुन्हा करायला घेईन. रद्द केलं ते त्या दिवशी बरोबर होतं, कायमचं नाही.

थेट तालवाद्य पुन्हाही ठेवीन. फक्त पहिल्या समेच्या आधी कॉइलकडून चार मात्रांची मोजणी घेईन, मंद्र षड्जाचे चार आखूड ठोके. ते फक्त 7,850 च्या दराने पडतात, म्हणजे जवळजवळ फुकट.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. गतीच्या शेवटचा सा मला विरत न्यायचा होता. दोन सेकंदांत फटका 110 वरून 45 वर आणला. ठिणगी सुंदर आखूड होत गेली, आणि 45 च्या खाली गेल्याक्षणी टोरॉइडवरून तुटली. स्वर मावळला नाही, तोडला गेला. मुलांचं म्हणणं आहे की फटका आखूड करण्याऐवजी ब्रिजला येणारा ताणच, 325 व्होल्टचा, हळूहळू उतरवून पाहू या. टोकाला बारीक तार लावली तर कमी ताणावरही ठिणगी सुटेल, असंही एकीने सुचवलं आहे. पुढच्या शनिवारी करून बघणार आहोत. मी यमनाची फाइल घेऊन जाईन, तिच्यात शेवटचा नि सा वर यायला बराच वेळ घेतो.